दुसरा मोजा पहिल्यासारखाच: लोकरीच्या मोज्यांची जुळणारी जोडी कशी विणायची

ठाण्यात लोकरीचे मोजे कोण घालतं, हा प्रश्न नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत मला वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. उत्तरं तयार असतात. सासूबाईंचे पाय पावसाळ्यात लादीवर गार पडतात. ऑफिसात एसीचा झोत नेमका माझ्या टेबलाखाली येतो. दादा डिसेंबरात ट्रेकला जातो, तिथे तंबूत झोपताना त्याला जाड मोजे लागतात. शिवाय हात शिवशिवतात, हे खरं कारण आहेच. विणलेला स्वेटर इथे वर्षातून चार दिवस कपाटाबाहेर येतो. मोज्यांना बारा महिने गिऱ्हाईक मिळतं.

एक मोजा विणणं अवघड नाही. सुईवर टाके घालता येत असतील आणि सुलट-उलट जमत असेल तर आठवड्याभरात होतो. अवघड आहे ते दुसरा मोजा विणणं, आणि तो पहिल्याचा सख्खा भाऊ दिसणं. माझी पहिली जोडी दादासाठी होती. डावा मोजा मे महिन्यात घरी पंख्याखाली मालिका बघत विणला. उजवा जूनमध्ये, लोकलमध्ये कोपर अंगाशी धरून. दादाने दोन्ही चढवले, पाय पुढे करून बघितले आणि म्हणाला, "छान झालेत गं. पण यातला एक वहिनीचा आहे का?" उजवा चांगला पाऊण इंच आखूड होता आणि पोटरीला घट्ट बसत होता. लोकर तीच, सुया त्याच, टाकेही तेवढेच. पण लोकलमध्ये माझा हात घट्ट चालला होता, आणि फेऱ्या न मोजता मी "वीतभर झालं की पुरे" असा अंदाजपंचे कारभार केला होता.

तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे: पट्टी लावायची ती पहिल्या मोज्याला. दुसऱ्या मोज्यात फक्त मोजलेल्या फेऱ्या पुन्हा विणायच्या. म्हणून या लेखात सामानाच्या यादीत सगळ्यात वर वही आहे.

सामान

साधी वही आणि पेन्सिल. पेन नको, कारण पहिल्या मोज्यात तुम्ही खूप खोडणार आहात.

लोकर चारपदरी घ्या, म्हणजे दुकानात जिला फोर प्लाय म्हणतात ती. मध्यम पायाच्या जोडीला १०० ग्रॅम पुरते. मोज्यांसाठी खास मिळणाऱ्या लोकरीत साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं. नायलॉनमुळे टाच लवकर झिजत नाही. १०० ग्रॅमच्या अशा लडीत ४०० मीटरच्या आसपास धागा असतो. ती बहुतेक ऑनलाइनच मागवावी लागते आणि महाग पडते. पहिल्या जोडीला मात्र साधी बेबी वूल चालेल. ती बहुतेक ॲक्रिलिक असते, ठाण्याच्या दमट हवेत पाय थोडे घामेजतात, पण उसवून पुन्हा विणायला तिच्यासारखी सोशीक दुसरी नाही. सुती धागा घ्यावासा वाटेल. नवशिक्याने घेऊ नये; तो ताणून पूर्ववत होत नाही आणि मोजा संध्याकाळपर्यंत घोट्याशी गोळा होतो.

रंग फिका घ्या. काळी किंवा गडद निळी लोकर रात्री ट्यूबलाइटखाली विणताना टाके दिसत नाहीत, आणि टाका दिसला नाही तर मोजणार काय?

जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा स्टेशनजवळच्या लेस-बटणांच्या दुकानांत विचारत गेलात तर लोकर मिळते, तिथे नाही तर क्रॉफर्ड मार्केट आहेच. कुठूनही घ्या, पण दोन्ही गुंडे एकाच वेळी घ्या आणि लेबलावरचा लॉट नंबर जुळवा. शेड नंबर म्हणजे रंग, लॉट नंबर म्हणजे कुठल्या खेपेला तो रंगला. शेड एक असली तरी लॉट बदलला की छटा हलते. मला एका दुकानदाराने "ताई, सेमच आहे" म्हणून दुसऱ्या लॉटचा गुंडा दिला होता. दुकानातल्या दिव्याखाली खरोखर सेम होता. गच्चीत उन्हात वाळत घातल्यावर एक मोजा आमसुली आणि दुसरा जांभळा.

सुया लागतात त्या दोन्ही टोकांनी टोकदार, आखूड, पाचच्या संचातल्या. चार सुयांवर टाके राहतात, पाचवीने विणायचं. आपल्याकडे जुने नंबर अजून चालतात आणि ते उलटे आहेत: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १३ म्हणजे सव्वादोन, १४ म्हणजे दोन. अमेरिकी नंबर बरोबर विरुद्ध दिशेने जातात, त्यामुळे ऑनलाइन मागवताना नंबर सोडा, मिलिमीटर बघा. आपल्याला १३ नंबरच्या हव्यात. जमलं तर दोन संच घ्या. का, ते पुढे येईल.

बाकी किरकोळ: टेप, चार-सहा सेफ्टी पिना, पडलेला टाका उचलायला बारीक क्रोशाची सुई, बोथट टोकाची जाड सुई, आणि मूठभर चिंचोके. चिंचोक्यांचं असं, की एक फेरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मोबाइलवर फेऱ्या मोजायची ॲप्स असतात, पण ॲप उघडलं की व्हॉट्सॲपही उघडतं.

तुकडा विणा, मगच हिशेब

हे कंटाळवाणं आहे आणि वगळता येत नाही. त्याच लोकरीने, त्याच सुयांवर एक लहानसा गोल तुकडा सुलट विणा. गोलच, कारण मोज्यात सगळ्या फेऱ्या सुलट येतात. सपाट तुकड्यात एकाआड एक ओळ उलट विणावी लागते आणि बहुतेकांचा हात उलट ओळीत जरा सैल पडतो. तुकडा ओला करून, वाळवून, मधोमध टेप धरा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आले ते मोजा.

समजा ३२ आले. आता चवड्याच्या रुंद भागाभोवती टेप फिरवा. समजा २२ सेंटिमीटर. मोजा पायाला धरून राहायचा तर तो पायापेक्षा दहावा हिस्सा लहान हवा, म्हणजे अंदाजे २०. सेंटिमीटरला ३.२ टाके, गुणिले २०, बरोबर ६४. चाराने भाग जातो, चार सुयांवर सोळा-सोळा बसतात. तुमचे २८ टाके आले तर ५६ घ्या, पण मग पुढचे सगळे आकडे बदलतील. पहिल्या खेपेला सुई बदलून ३२ वर येण्याचा प्रयत्न करा. टाके कमी येत असतील तर बारीक सुई, जास्त येत असतील तर जाड. वहीच्या पहिल्या पानावर हे सगळं लिहा आणि लोकरीचं लेबल तिथेच चिकटवा.

काठ आणि पोटरी

६४ टाके सैल घाला. सैल म्हणजे किती, तर दोन सुया एकत्र धरून त्यावर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या, एवढे. मोज्याचं तोंड घोट्यावर बसणार असलं तरी आत जाताना ते टाचेवरून जातं, आणि पायाचा सगळ्यात मोठा घेर तिथे असतो. काठ घट्ट झाला तर बाकी मोजा कितीही देखणा असो, तो पायात जाणारच नाही.

सोळा-सोळा टाके चार सुयांवर वाटा. जोडण्याआधी सगळं टेबलावर ठेवून टाक्यांचा खालचा काठ चारही सुयांवर आतल्या बाजूला आहे ना, ते बघा. एका जागी जरी पीळ पडला तरी तो मोज्यात कायमचा राहतो, आणि हे दहा फेऱ्या झाल्याशिवाय कळत नाही. फेरी सुरू होते तिथे पिन लावा. ही जागा मोज्याची मागची मधली रेषा.

दोन सुलट, दोन उलट अशा २० फेऱ्या घाला. हा झाला काठ. त्यानंतर पोटरीसाठी सगळं सुलट, ५० फेऱ्या. एवढ्यात मोजा घोट्याच्या वर छान येतो.

एका सुईवरून दुसरीवर जाताना तिथे शिडीसारखी सैल उभी रेघ पडते. सगळ्यांची पडते. उपाय म्हणून नव्या सुईवरचा पहिला टाका कचकचून ओढायला शिकवतात. त्यापेक्षा दुसरा टाका विणून झाल्यावर धागा हलकेच ओढा, सैलपणा पहिल्यातून निघून येतो.

पोटरी हा ट्रेनमध्ये विणायचा भाग. डोकं लागत नाही. ठाण्याहून दादरपर्यंत स्लो लोकलला अकरा स्टेशनं: मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सायन, माटुंगा, दादर. माझी एका स्टेशनाला एक फेरी होते. त्यामुळे चिंचोके घरी राहिले तरी दादरला उतरताना वहीत डोळे मिटून ११ लिहायचे. फास्ट पकडली की हिशेब बोंबलतो. लेडीज डब्यात कोणी मेथी निवडते, कोणी मटार सोलते, त्यात मोज्यांकडे कोणी वळून बघत नाही, फार तर एखादी काकू सुया मोजून म्हणते, "अगं, पाच सुया कशाला? आम्ही दोनच घ्यायचो."

मात्र लोकलमधला हात आणि सोफ्यावरचा हात एक नसतो, हे माझ्या दादाच्या उजव्या पायाला विचारा. ट्रेनमध्ये विणायचंच असेल तर दोन्ही मोज्यांची पोटरी ट्रेनमध्ये, आणि दोन्ही टाचा घरी.

टाच: इथे फोन बंद करा

टाच म्हणजे सरळ नळीला काटकोनात वळवणं. आजी म्हणायची, इथे मोज्याला पाय फुटतो. ती विणकाम शिकली १९६२ च्या युद्धाच्या वेळी, जेव्हा घरोघरी बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. स्वेटर झपाझप करायची, पण टाच आली की बोलणं बंद.

सुरुवातीला फक्त मागचे ३२ टाके वापरायचे. पहिल्या सुईवरचे १६ सुलट विणा. काम उलटा. आता तेच १६ आणि पुढे चौथ्या सुईवरचे १६ असे ३२ टाके एका सुईवर उलट विणून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या सुईवरचे ३२ टाके म्हणजे पावलाची वरची बाजू. ते तसेच थांबतील.

आता या ३२ टाक्यांवर मागे-पुढे ओळी घाला. सुलट बाजूने: एक टाका न विणता नुसता पलीकडच्या सुईवर घ्यायचा, पुढचा सुलट विणायचा, असं शेवटपर्यंत. उलट बाजूने: पहिला टाका न विणता घ्यायचा, बाकी सगळे उलट. या दोन ओळींची जोडी १६ वेळा, म्हणजे ३२ ओळी. न विणता घेतलेल्या टाक्यांच्या मागून धागा जातो, त्यामुळे इथे वीण दुहेरी जाड होते, आणि चपलेत घासली जाते ती नेमकी हीच जागा. दोन्ही कडांना साखळीसारखे मोठे टाके दिसतील. मोजा: प्रत्येक कडेला १६. कमी भरले तर ओळी चुकल्यात.

यापुढचं वळण वाचून कळत नाही, सुया हातात घेऊन एकेक ओळ करत जा.

पहिली ओळ, सुलट बाजू: १ टाका न विणता घ्या, १६ सुलट विणा. मग एक टाका न विणता घ्या, पुढचा विणा, आणि न विणलेला त्या विणलेल्यावरून पलीकडे टाका. एक टाका घटला. आणखी १ सुलट. आता सुईवर अजून १२ टाके शिल्लक आहेत. तरीही काम उलटा. हो, मध्येच. नवशिके सगळे इथे अडखळतात, कारण ओळ अर्धी सोडायची हे मनाला पटत नाही.

दुसरी ओळ, उलट बाजू: १ न विणता, ३ उलट, दोन टाके एकत्र उलट, १ उलट. याही बाजूला १२ शिल्लक. उलटा.

आता मधोमध सहा टाक्यांचं एक बेट तयार झालंय आणि दोन्हीकडे एकेक फट दिसतेय. तिसरी ओळ: १ न विणता, ४ सुलट, मग फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन टाके पहिल्यासारखेच घटवून एक करा, १ सुलट, उलटा. चौथी: १ न विणता, ५ उलट, फटीवरचे दोन एकत्र उलट, १ उलट, उलटा. असं दर ओळीला मधले टाके एकाने वाढत जातात आणि बाजूचे दोनाने संपत जातात. एकूण १४ ओळी झाल्या की बाजूला काही उरत नाही, सुईवर बरोबर १८ टाके असतात. १७ किंवा १९ असतील तर मागे जा. पुढे जाऊन ते सुधारत नाही.

हातात बघा: वाटीसारखा खोलगट आकार आला असेल. पहिल्यांदा हा आकार झाला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलेलं विसरून सासूबाईंना दाखवायला गेले होते. दूध उतू गेलं.

कळी

शिवणकामात कुर्त्याच्या बगलेखाली कळी घालतात, तशीच मोज्यालाही दोन बाजूंना लागते. १८ टाके सुलट विणा. मग टाचेच्या डाव्या कडेवरच्या १६ साखळ्यांतून एकेक टाका उचला, आणि कोपऱ्यात, जिथे टाच वरच्या बाजूला भेटते, तिथून एक जास्तीचा. झाले १७. तो जास्तीचा नाही उचलला तर तिथे करंगळी जाईल एवढं भोक राहतं. वरच्या बाजूचे ३२ विणा. दुसऱ्या कडेवरूनही तसेच १७ उचला, आणि १८ पैकी ९ टाके विणून थांबा. फेरी पुन्हा मागे मधोमध सुरू होते. उचललेले टाके पुढच्या फेरीत मागच्या बाजूने सुई घालून विणले की पिळले जातात आणि जाळी दिसत नाही.

एकूण ८४ टाके: पहिल्या सुईवर २६, दुसरी-तिसरी सोळा-सोळा, चौथीवर २६. आता घटवायचे. पहिली सुई: शेवटचे तीन उरेपर्यंत सुलट, मग दोन एकत्र सुलट, १ सुलट. दुसरी-तिसरी साध्या. चौथी सुई: १ सुलट, मग १ न विणता घ्या, पुढचा विणून त्यावरून टाका, बाकी सुलट. पुढची फेरी पूर्ण साधी. अशा दोन-दोन फेऱ्यांच्या दहा जोड्या, म्हणजे २० फेऱ्यांनंतर पुन्हा ६४. दोन्हीकडच्या घटीच्या रेघा एकमेकींपासून विरुद्ध दिशेला झुकलेल्या दिसल्या तर बरोबर आहे. दोन्ही एकाच दिशेला असतील तर एका बाजूची पद्धत चुकली.

पाऊल आणि टोक

पाऊल म्हणजे पुन्हा नळी, ट्रेनला चालेल. लांबी मात्र पहिल्या मोज्यात नीट ठरवा. पायाच्या लांबीतून एक-दीड सेंटिमीटर वजा करा (मोजा ताणला जातो), त्यातून टोकाचे साडेचार वजा करा. टाचेच्या मागून मोजत तेवढं होईपर्यंत विणायचं. सासूबाईंचं पाऊल २४ सेंटिमीटर, त्यांना कळी संपल्यावर ४५ फेऱ्या लागल्या. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सुया न काढता मोजा पायात घालून बघणं. करंगळीचं टोक झाकलं गेलं की टोकाला लागा. आणि फेऱ्यांचा आकडा लगेच लिहा, उद्या लिहू म्हणू नका.

टोकाला चारही सुयांवर घट. पहिल्या आणि तिसऱ्या सुईच्या शेवटी दोन एकत्र आणि १ सुलट. दुसऱ्या आणि चौथीच्या सुरुवातीला १ सुलट आणि मग न विणता घेऊन वरून टाकलेली घट. एक फेरी घटीची, एक साधी, असं ३२ टाके राहेपर्यंत. त्याला १६ फेऱ्या लागतात. मग दर फेरीला घट, चार फेऱ्यांत १६ उरतात.

हे १६ टाके बंद करून शिवले तर बोटांवर शिवण टोचते. त्याऐवजी टाक्याला टाका सांधायचा. या सांधणीला किचनर टाका म्हणतात, आणि हा किचनर म्हणजे तोच लॉर्ड किचनर, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानी लष्कराचा सरसेनापती होता. त्याने स्वतः सुई धरली असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या सुईवरचे चार टाके विणून चौथ्या सुईवर घ्या. दुसऱ्या-तिसऱ्याचे एका सुईवर करा. आठ पुढे, आठ मागे. हातभर धागा ठेवून तोडा आणि बोथट सुईत ओवा. सुरुवातीला पुढच्या पहिल्या टाक्यात सुई उलट घालतो तशी घालून ओढा, टाका सुईवरच ठेवा. मागच्या पहिल्या टाक्यात सुलटसारखी घाला, तोही ठेवा. मग हे चक्र: पुढचा पहिला सुलटसारखा, सोडा, पुढचा दुसरा उलटसारखा, ठेवा. मागचा पहिला उलटसारखा, सोडा. मागचा दुसरा सुलटसारखा, ठेवा. मी अजूनही हे पुटपुटत करते. "सुलट सोडा, उलट ठेवा, उलट सोडा, सुलट ठेवा." मध्ये कोणी हाक मारली तर ओ देत नाही.

आता दुसरा

पहिला झाल्यावर बहुतेक जणी तो पायात घालून फोटो काढतात, घरातल्या ग्रुपवर टाकतात, आणि दुसरा सुरू व्हायला गणपती उजाडतात. तोवर हात बदललेला असतो. म्हणून दोन सुचवण्या.

एक, दोन्ही मोजे बरोबरीने चालवा. सुयांचे दोन संच घ्यायला सांगितलं ते यासाठी. आधी दोन्हींचे काठ, मग दोन्हींच्या पोटऱ्या, मग लागोपाठ दोन दिवसांत दोन्ही टाचा. टाचेचं वळण काल कसं केलं ते आज बोटांना आठवत असतं, महिन्याने आठवत नाही. गोल तारेच्या लांब सुईवर दोन्ही मोजे एकाच वेळी विणायची पद्धतही आहे. दोन गुंडे एकमेकांत असे गुंततात की नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

दोन, दुसरा नंतरच सुरू करायचा असेल तर पहिल्याची सांधणी झाली त्याच दिवशी करा. निदान काठाच्या चार फेऱ्या घालून ठेवा.

वहीचं पान असं दिसलं पाहिजे. माझं सासूबाईंच्या जोडीचं इथे उतरवते, फोडणीच्या डागासकट नाही:

काठ २० ☐ ☐
पोटरी ५० ☐ ☐
टाच ३२ ओळी, कडेला १६ ☐ ☐
वळण १४ ओळी, उरले १८ ☐ ☐
कळी १७ + १७, एकूण ८४, फेऱ्या २० ☐ ☐
पाऊल ४५ ☐ ☐
टोक १६ + ४, सांधणी ☐ ☐

प्रत्येक ओळीपुढे दोन चौकोन, एकेक मोज्याचा. टेपने आखूड दिसतोय म्हणून दुसऱ्या मोज्यात दोन फेऱ्या जास्त घालायचा मोह होईल. घालू नका, तेवढं धुण्यात जुळतं. मात्र पोटरीच्या वीसेक फेऱ्या झाल्यावर दोन्ही मोजे शेजारी ठेवून १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. पहिल्यात ३२ आणि दुसऱ्यात ३४ असतील तर हात घट्ट चाललाय. तेव्हा फेऱ्या वाढवून उपयोग नाही. उसवा आणि एक माप जाड सुई घ्या. वीस फेऱ्या उसवायला दोन मिनिटं लागतात, हळहळ मात्र तासभर होते.

पट्ट्यापट्ट्यांची, आपोआप रंग बदलणारी लोकर असेल तर पहिला मोजा सुरू केला तो रंग वहीत लिहा: "पिवळा संपून हिरवा लागतो तिथून". दुसरा सुरू करताना तीच जागा येईपर्यंत धागा ओढून बाजूला काढा. दुसरा गुंडा उलट्या बाजूने गुंडाळलेला असेल तर रंगांचा क्रमच उलटा येतो. आधी दोन-तीन मीटर उलगडून खात्री करा. मोठी एकच लड असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बरोबर निम्मी करा, म्हणजे दुसऱ्याच्या टोकाला लोकर संपायची नाही.

धुणं

दोन्ही मोजे एकाच वेळी कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर पाय ठेवून आकार काढा, त्याबरहुकूम दोन पाय कापा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ओले मोजे त्यावर चढवून वाळवा. दोन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर इथे मिटतो. पाऊण इंचाचा मिटत नाही, मी करून बघितलंय. ॲक्रिलिक या बाबतीत जरा हट्टी, खरी लोकर ऐकते. पण खरी लोकर मशिनमध्ये गरम पाण्यात टाकली तर आटून बाहुलीची होते. पावसाळ्यात दोरीवर टांगू नका, पंख्याखाली आडवे पसरा, दोन दिवस लागतील. ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, नाहीतर कसर लागते.

उरलेली पाच-सहा मीटर लोकर पाकिटात घालून वहीच्या त्याच पानाला टाचा, रफूला लागते. आणि या मोज्यांना डावा-उजवा नसतो. दर खेपेला पाय बदलून घाला, म्हणजे अंगठ्यापाशी एकच मोजा आधी विरणार नाही.